रिटर्नचा रविवार

जुलैतला एक रविवार भालचंद्ररावांच्या घरी सणासारखा साजरा व्हायचा. सकाळी गरम पोहे-जिलबी यायची आणि लेखा विभागातून निवृत्त झालेले भालचंद्रराव लॅपटॉपपुढे ठाण मांडून चौघांचीही आयकर रिटर्न भरायचे. रिटर्न चार, पण मोबाईल नंबर एकच, त्यांचा. प्रत्येक ओटीपी त्यांच्याच फोनवर यायचा. एरवी घरात त्यांना कुणी फारसं काही विचारत नसे, पण त्या दिवशी त्यांचा थाट काही औरच असायचा.

सून योगिनी एमपी नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची. तिथे दीडशे पोरांना ती गप्प बसवी. घरी मात्र एक साधं वाक्य बोलायची तिची आठवडाभर तालीम चालली होती. बाग सेवनिया भागातला नवा फ्लॅट तिच्या आणि तिचा नवरा सत्यजितच्या नावावर होता, अर्धा हप्ता तिच्या पगारातून जात होता. ते घर तिचंही आहे, हे तिच्या रिटर्नमध्ये दिसायला हवं होतं.

"कर्जाचं व्याज सगळं सत्यजितच्या नावे टाकतो," भालचंद्रराव म्हणाले.

योगिनीने जिलबी खाली ठेवली. "बाबा, त्यातलं अर्धं माझं आहे. आणि या वर्षी माझं रिटर्न मीच भरते. माझ्या नंबरवरून."

भालचंद्ररावांनी चष्मा काढला. "म्हणजे आता वेगळं निघायचं?"

"अहो बाबा, नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न आपल्याकडे नसतंच. आहेत ती वेगवेगळीच आहेत."

"सही बोलतेय ती, बाबा," सत्यजित पोह्यांचा घास गिळत म्हणाला. "घर दोघांचं आहे यार."

भालचंद्ररावांनी हातातला चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "तुम्ही सगळे आपापलं भरायला लागलात, तर मी काय करू?"

योगिनी रागाला तोंड द्यायच्या तयारीने आली होती. या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. तरी तिने माघार घेतली नाही. खुर्ची ओढून ती लॅपटॉपसमोर बसली. "तुम्ही शेजारी बसा. चुकले की ओरडा."

"ओरडायची परवानगी आहे ना?" भालचंद्ररावांचा चेहरा उजळला. मग ते मनसोक्त ओरडले, दोनदा तर विनाकारणच. पण व्याज अर्धं-अर्धं झालं आणि योगिनीचं रिटर्न योगिनीच्या हातून गेलं.

इतका वेळ शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई, निवृत्त मुख्याध्यापिका कुसुमताई, हात पुसत उठल्या. "योगिनी, माझाही नंबर घाल गं तिथे."

नंबर बदलला. कुसुमताईंचा फोन वाजला.

"हं, ओटीपी सांग," भालचंद्ररावांनी सवयीने बोटं सरसावली.

कुसुमताईंनी फोन लांब धरून मेसेज दोनदा वाचला.

"कुणालाही सांगू नका, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "सरका जरा, मला बसू द्या."