लाल रेघा ओढणाऱ्या फायलीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, बेळगावात मराठी आणि कानडी अक्षरं एकमेकांच्या अंगावर धावून जात नाहीत, ती केवळ माझ्यामुळे. मी स्वतः मात्र एक वेलांटीसुद्धा हलवत नाही.

मी एका सॉफ्टवेअरमधली जुनी फाइल आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाईलवर वाचता येईल अशा अक्षरांत बदलायचं काम माझी भावंडं, म्हणजे सोबतच्या फायली, करतात. मी फक्त नियम सांगते: आत मजकूरच आला पाहिजे, सोबत फॉन्टचं नाव पाहिजे, आणि एका वेळी एकच लिपी. नियम मोडला की मी लाल रेघ ओढते. मला लिहून झाल्यावर लिहिणारा म्हणाला होता, "वा, काय शिस्त आहे!" ती स्तुती त्याने स्वतःची केली होती.

पुढे मी बेळगावच्या अनगोळला विक्रमच्या छापखान्यात आले. शिस्त ही गिऱ्हाइकांनी पाळायची गोष्ट आहे, असं विक्रमचं मत. इथल्या लग्नपत्रिका वर मराठी, खाली कानडी. दोन्ही मजकूर वेगवेगळे द्या, एवढंच माझं म्हणणं. त्याने वडगावच्या शालूबाईंच्या मुलीची अख्खी पत्रिका एकदम आत ढकलली. मी रेघांवर रेघा ओढल्या.

"दादा, लई लाल दिसतंय," टाइप करणारी दिपाली म्हणाली.

"दिसू दे गं. लग्नात लाल शुभ असतंय."

आणि माझे सगळे नियम पुसून त्याने तिथे लिहिलं, काहीही चालेल. मित्रांनो, राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबून त्याला पुन्हा दारातच उभं करावं, तशी माझी गत झाली. फक्त वरचं मराठी बघून त्याने छपाई उरकली.

पहिली पत्रिका व्याह्यांच्या हातात द्यायची, म्हणून शालूबाई संकेश्वरच्या तम्मण्णांना घेऊनच दुकानात आल्या. वरचं मराठी झकास होतं. खाली कानडीच्या जागी मराठी अक्षरांचा नुसता भुगा.

"हे माझ्या बापाचं नाव, का मुंग्यांची रांग?" तम्मण्णांनी विचारलं. "उद्यापर्यंत नीट झालं न्हाय, तर लग्नाचं पुढच्या वर्षी बघू."

"सॉफ्टवेअरची चूक हाय, आक्का," विक्रमने अंग झटकलं.

"मग बोलीव की त्याला म्होरं! भांडतो मी त्याच्यासंगं!" शालूबाई कडाडल्या. "पोरीचं लगीन मोडलं तर तुझं दुकान ठेवत न्हाय, मुडद्या!"

मला फार बरं वाटलं.

विक्रमने माझे नियम जागच्या जागी परत आणले. मित्रांनो, लाल रेघ दिसली तर पुसू नका, वाचा. अडवणारा प्रत्येकजण वैरी नसतो. मी विक्रमची वैरी आहे, पण तरी माझं ऐका.

दुसऱ्या दिवशी तम्मण्णा नवी पत्रिका वाचून हसले आणि लग्न ठरल्या तारखेला लागलं. त्या पत्रिकेतलं कानडी दिपालीने मला न विचारताच हाताने टाइप केलं होतं.