संस्थेचा भाव

सहकारी संस्थेच्या खोलीत कॉफी पिकवणाऱ्यांची बैठक भरली होती, पण बोलत होता एकटा खरेदीदारच.

"बाजार पडलाय. तुमच्या किमान भावाचा हट्ट सोडा. ज्याला माझा भाव पटतो त्यानं पोती बाहेर आणावीत, ट्रक उभाच आहे," असं म्हणून तो खुर्चीत रेलला.

एक उठला की सगळे उठणार, हे संस्थेच्या अध्यक्षबाई ओळखून होत्या. आणि उठला तो नेमका त्यांचा धाकटा दीर.

"वहिनी, माझं घर गळतंय. मला थांबणं परवडत नाही," तो मान खाली घालून म्हणाला.

बाईंनी त्याला अडवलं नाही. त्याची पोती ट्रकमध्ये चढताना सगळ्यांनी खिडकीतून पाहिली. मागच्या बाकावर चुळबुळ सुरू झाली.

"घरचाच माणूस फुटला. आता काय करायचं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तो गेला. आपण बसलोय," बाई म्हणाल्या.

कुणीच हललं नाही. खरेदीदारानं जवळजवळ रिकाम्या ट्रककडे पाहिलं; तो तसाच परत नेणं त्याला परवडणारं नव्हतं, म्हणून शेवटी त्यानं संस्थेचा भाव कबूल केला.

बाई घरी आल्या तेव्हा दीर ओट्यावर तोंड लपवून बसला होता. ओठांवर आलेला राग त्यांनी गिळला.

"जेवायला चल," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या हंगामात माझ्या शेजारी बसायचं."