चांदणी मिळालेलं पत्र

दुसरीच्या बाईंचा नियम सरळ होता. वाक्यात एकही चूक नाही, तर वहीत लाल चांदणी. एक जरी चूक सापडली तर चांदणी नाही, मग तुम्ही मुख्याध्यापकांचे नातू का असेनात. सव्वीस वर्षं हा नियम चालला होता आणि बाईंना त्याचा अभिमान होता, जरा जास्तच म्हणा ना. शेजारच्या वर्गातली पोरं 'मी काल आणि' एवढंच लिहून पाणी प्यायला पळायची. बाईंच्या वर्गात प्रत्येक वाक्याला शेंडाही असायचा आणि बुडखाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत टकळीचे बाबा वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. टकळी दुसऱ्या बाकावरची. सकाळी तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेवटच्या घंटेपर्यंत थांबायचा नाही, म्हणून बाईंनीच तिला हे नाव ठेवलं होतं, आणि घरच्यांनीही ते हसत हसत उचललं होतं. बाबा बस चालवायचे. आले तेही खाकी शर्टातच, हातात एक घडी घातलेला कागद घेऊन.

टकळीची आई आठ दिवस दवाखान्यात होती, हे बाईंना ठाऊक होतं. घशात गाठ निघाली होती, शुक्रवारी ऑपरेशन होतं. तोवर एक शब्दही बोलायचा नाही अशी ताकीद होती, आणि नंतर आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरसुद्धा छातीठोकपणे सांगत नव्हते. लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. फोन लावून दिला की टकळी 'आई, आई' करायची, पलीकडून उत्तर यायचं नाही, आणि मग ती रडून घर डोक्यावर घ्यायची. म्हणून बाबांनी पत्राची युक्ती काढली, आणि शनिवारी बाईंनी ते वर्गात लिहून घेतलं.

"पत्र पोचलं ना?" बाईंनी विचारलं.

"पोचलं. तिनं वाचलं, मागं आणखी काही आहे का तेही बघितलं." बाबा चाचरत म्हणाले. "सध्या पाटीवर लिहूनच बोलते ती. लिहिलं, 'छान आहे. पण आपल्या पोरीचं पत्र कुठंय?'"

बाईंनी कागद उघडला. 'प्रिय आई, मी मजेत आहे. बाबा मजेत आहेत. घर स्वच्छ आहे. तू लवकर बरी हो.' खाली त्यांच्याच हातची लाल चांदणी.

"यात चूक काय आहे?" बाईंचा आवाज चढलाच.

"चूक काहीच नाही, बाई. तीच तर पंचाईत आहे. शुक्रवारच्या आत तिला पोरीचं एक पत्र हवंय. नंतरचं कुणी बघितलंय?" एवढं बोलून ते निघाले, त्यांची बस सुटायची होती.

बाईंना असा राग आला की दुपारभर त्यांनी खडू मोडले. शाळा सुटल्यावर त्यांनी छत्तीस वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. आपलं काही चुकत नाही, हे स्वतःला एकदा दाखवून द्यायचं होतं. 'माझे घर मोठे आहे. आमचा कुत्रा चांगला आहे.' पुढची वही, पुन्हा कुत्रा. वर्गात अकरा कुत्रे निघाले. बाईंच्या माहितीप्रमाणे कुत्रा दोघांच्याच घरी होता. बाकी नऊ जणांनी तो पाळला होता, कारण शुद्धलेखनात तो पाठ झाला होता. अकराव्या कुत्र्यापाशी बाईंनी वही मिटली.

मंगळवारी घंटा झाल्यावर त्यांनी टकळीला थांबवून घेतलं.

"गेल्या आठवड्यात घरी काय काय झालं गं?"

झालं, पट्टा सुरू. बाबांनी कपडे धुतले, आणि लाल टॉवेल पांढऱ्या कपड्यांत टाकला, आणि बाबांचं बनियन गुलाबी झालं, आणि बाबा म्हणाले कुणाला सांगू नकोस, आणि ती खालच्या काकूंना सांगून आली, आणि काकू हसता हसता जिन्यातच बसल्या, आणि दुसरं वाळलं नव्हतं म्हणून बाबा तेच घालून गेले, एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून.

"मग हे का नाही लिहिलंस आईला?"

टकळीनं बाईंकडे असं बघितलं, जणू बाईंनाच काही कळत नाही. "मला बनियन येत नाही. गुलाबी पण येत नाही. मजेत येतं."

"म्हणून तू मजेत आहेस होय?"

"नाहीये," टकळी म्हणाली. "पण तसं लिहिलं की चांदणी मिळते."

बाईंचे कान तापले. लाज वाटली त्यांना, अगदी स्वच्छ लाज, चोरी पकडली गेल्यावर वाटते तशी. त्यांनी लाल पेन टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

"एक वाक्य तोंडानं म्हण. बोटांवर शब्द मोज. मग जसं ऐकू येतं तसं लिही."

"चुकलं तर?"

"चुकू दे."

"आणि चांदणी?"

"नाही मिळायची."

टकळीनं यावर बराच विचार केला. मग पेन्सिलीला टोक काढून घेतलं.

पत्राला दोन दिवस लागले, तीन कागद लागले. 'बाबांच बणीयन गूलाबी झाल. बाबा मनाले आईला सांगू नको. मी सांगते. आई मी मजेत नाहिये. तूझा आवाज आला नाही तर मी दोगींच बोलीन.' बाईंनी चुका मोजल्याच, जित्याची खोड. एकतीस भरल्या. दोनदा खण उघडला आणि दोनदा लावला. आजारी माणसाला 'मजेत नाहिये' कळवावं का, यावर त्या बराच वेळ अडल्या. शेवटी तेही ठेवलं, आणि बुधवारी संध्याकाळी कागद बाबांच्या हातात दिले.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी बाबा पुन्हा हजर. टकळीला न्यायला आले होते. ऑपरेशनला नेताना आईला बाहेरच्या व्हरांड्यातून नेतात, आणि तिथं मुलं उभी राहिलेली चालतात. खाकी शर्टाची वरची तीन बटणं उघडी होती आणि आत गुलाबी बनियन होतं.

बाईंची नजर तिथं गेली तसे बाबा ओशाळले. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून दिली. अक्षर टकळीच्या आईचं होतं.

'उद्या तेच बनियन घालून या. बटणं उघडी ठेवा. पोरीला आणा. टाके पडायच्या आधी हसून घेते.'