माहितीशिवाय फिरणं

बंदरावरच्या गाइडसाहेबांना बायकोनं निघतानाच बजावलं होतं, "आज मला फिरायला न्यायचंय, शिकवायला नाही. एका जरी इमारतीचा इतिहास सांगितलात, तर पुन्हा तुमच्याबरोबर घराबाहेर पाऊल टाकणार नाही."

आता बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसानं गप्प बसायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण बायको एकदा बोलली की बोलली. मागच्या खेपेला ती अर्ध्या वाटेतून परत फिरली होती. अख्ख्या जगाला शहर दाखवतो आणि घरच्या माणसाला साधा दीपस्तंभ धड दाखवता येत नाही, हे साहेबांना फार लागलं होतं.

दीपस्तंभापाशी त्यांनी जीभ चावली. जकातघरासमोर उगाचच खोकून घेतलं. मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघत बायको मुद्दाम म्हणाली, "कुणी बांधला असेल बाई हा?"

"असेल कुणीतरी," साहेब बगलेतली छत्री सावरत म्हणाले.

"बोला की. पोट फुगेल अशानं." ती मनापासून हसली, आणि साहेबांना वाटलं, चला, आज निभावलं.

घोळ झाला तो मासळीबाजारात. गर्दीत बायको दिसेना. तिला आपण दिसावं म्हणून साहेबांनी, रोज पर्यटकांसाठी धरतात तशी, मिटलेली छत्री उंच धरली. झालं! जहाजावरून उतरलेला, आपला गाइड हरवून बसलेला एक घोळका छत्री बघून धावत आला आणि त्यांच्यामागे शहाण्यासारखा उभा राहिला. "इथे काय बघायचं?" एका आजोबांनी विचारलं. एवढं पुरलं. साहेबांची जीभ सुटली ती सुटलीच. लिलाव, बर्फ, जुनी गोदामं सांगत ते सगळ्यांना घेऊन धक्क्यावर आले.

"आणि इथे," ते म्हणाले, "एक मुलगी खेकड्यांचा भाव करत होती. मासेवाली ऐकेना, ही हटेना. मला पलीकडच्या काठावर मुलाखतीला जायचं होतं. बोटीनं भोंगा दिला, पण मी चढलोच नाही. म्हटलं, जाऊ तर हिच्याबरोबर पुढच्या बोटीनं. नोकरी गेली, मुलगी मिळाली."

मंडळी हसली. बाजूला सरली तशी मागे पिशवी घेऊन उभी असलेली बायको दिसली. साहेबांचा चेहरा पडला.

"मला तर सांगितलं होतं, घड्याळ बंद पडलं म्हणून बोट चुकली," ती म्हणाली.

"तेव्हा लाज वाटली."

"आणि ह्या परक्यांना सांगता?"

"रोज सांगतो. सहलीच्या शेवटी हेच असतं."

तिला रडू येत होतं, आणि इतकी वर्षं आपल्यालाच वगळलं म्हणून रागही. तिनं पदरानं नाक पुसलं.

"खेकडे नव्हते. कोळंबी होती," ती म्हणाली. "उद्याची सहल किती वाजता निघते?"