चाळीसपैकी चाळीस

निवृत्त नवरा दिवसभर घरात बसायला लागला की काय करायचं, या प्रश्नाला चार पर्याय नसतात. सिस्टरबाईंना एकच सुचला : आपण बाहेर पडायचं.

तेरा वर्षांपूर्वी सासूबाईंनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांनी हॉस्पिटलची नोकरी सोडली होती. सासूबाई गेल्या आणि त्याच सुमारास मास्तर शाळेतून निवृत्त झाले. घरात पुन्हा एक माणूस सकाळपासून ‘अगं, ऐकलंस का’ म्हणू लागला. हॉस्पिटलात नर्सेसचा दुष्काळ होता, जुन्यांना परत घेणं चाललं होतं. अट एवढीच, की संगणकावर चाळीस प्रश्नांची परीक्षा द्यायची. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि चार गोल टिंबं, त्यातल्या एकावर बोट ठेवायचं.

सिस्टरबाईंनी आयुष्यात रक्त, पू, तुटलेली बोटं आणि एकदा मंत्र्याचा मेव्हणाही हाताळला होता. त्या कशाला घाबरल्या नव्हत्या. या चार टिंबांना मात्र घाबरल्या.

“घाबरतेस काय? मी आहे ना,” मास्तर म्हणाले.

खरं तर भीती इथूनच सुरू व्हायला हवी होती.

मास्तर इतिहास शिकवायचे, पण नाव कमावलं ते प्रश्नपत्रिका काढण्यात. आसपासच्या सगळ्या शाळांचे बहुपर्यायी प्रश्न त्यांच्याच टेबलावरून जात. पोरं त्यांना पाठीमागे ‘चकवा’ म्हणत, आणि हे मास्तरांना ठाऊक होतं, आवडतही होतं. “बरोबर उत्तर काय, कुणीही लिहितो. ते पुस्तकात असतंच,” ते म्हणत. “खरा कस लागतो चुकीच्या उत्तरांत. चुकीचं उत्तर असं पाहिजे की हुशार पोरानं त्याच्यापुढे क्षणभर टोपी काढली पाहिजे.”

त्यांनी सरावाचं एक सॉफ्टवेअर शोधून काढलं, बायकोच्या जुन्या वह्या आणि नर्सिंगचं एक जाडजूड पुस्तक समोर घेतलं आणि आठवडाभर डायनिंग टेबल अडवून चाळीस प्रश्न तयार केले. नर्सिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण चुकीची उत्तरं सुचायला विषय यावा लागतो असं थोडंच आहे?

सॉफ्टवेअर बिचारं सरळ होतं. चुकलं की लाल दाखवायचं आणि बरोबर उत्तर हिरव्यात सांगायचं. मास्तरांनी ती सोय बंद करून टाकली.

“उत्तर सांगितलं की डोकं चालायचं थांबतं. शेवटी फक्त एकूण गुण दिसतील.”

“आणि चुकलं काय ते?”

“ते तू शोधायचंस. तोच तर अभ्यास!”

पहिल्याच दिवशी सिस्टरबाईंना चाळीसपैकी अडतीस पडले. दुसऱ्या दिवशी अडतीस. तिसऱ्या दिवशीही अडतीस. कुकरच्या शिट्ट्या ऐकत सराव केला तरी अडतीस, अंघोळ करून मन लावून केला तरी अडतीस.

“अहो, ते दोन कुठले ते एकदा बघून सांगा ना.”

“तत्त्वात बसत नाही.”

“तुमच्या इतिहासात दोन चुकले तर फार तर एखादा राजा लवकर मरतो. इथे पेशंट मरेल!”

“म्हणूनच अडतीसवर समाधान मानू नकोस,” मास्तर म्हणाले आणि पेपरात तोंड घालून बसले.

माहीत नाही, याची माणसाला भीती वाटत नाही. विचारता येतं, वाचता येतं. पण आपल्या डोक्यात दोन चुका अगदी खात्रीचा चेहरा करून बसल्यात आणि त्या कुठल्या ते कळत नाही, ही भीती वेगळी. भाजी चिरताना त्या एकेक गोष्ट आठवून बघत. ताप कसा बघायचा, सुई कुठे द्यायची, जखम कशी धुवायची. सगळंच बरोबर वाटे. सगळंच बरोबर वाटतं म्हणूनच भीती वाढे.

शेवटी त्यांनी बायकी हिशोबीपणाने मार्ग काढला. दर वेळी एकच उत्तर मुद्दाम बदलायचं आणि गुण बघायचे. सदतीस झाले की आधीचं बरोबर होतं, ते परत लावायचं. असं करत करत त्या सतराव्या प्रश्नाशी आल्या.

‘रक्त चढवताना रुग्णाला अचानक थंडी वाजून कंप सुटला व कंबर दुखू लागली. सर्वप्रथम काय कराल?’

त्या कायम ‘रक्त तत्काळ बंद करणे’वर बोट ठेवत. या वेळी ठेवलं ‘रक्ताचा वेग संथ करून, रुग्णास धीर देऊन, पंधरा मिनिटे निरीक्षण करणे’वर.

एकोणचाळीस.

सिस्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. नोकरीत असताना त्यांनी दोनदा रक्त बंद केलं होतं, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी शाबासकी दिली होती. पण त्याला तेरा वर्षं झाली. शास्त्र पुढे गेलं असणार, आपण घरी उशा झटकत बसलो. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याचं काय आपल्याशी वाकडं आहे?

एकतिसावा प्रश्न नाकातल्या नळीने अन्न देण्याचा होता. अन्न दिल्यावर रुग्णाला कसं ठेवाल? ‘पाठ अर्धा तास उंच ठेवणे’ सोडून त्यांनी ‘पचनास विश्रांती मिळावी म्हणून पलंग लगेच सपाट करणे’ निवडलं.

चाळीस.

इथे त्यांना जरा लागलंच. सासूबाईंना शेवटची दोन वर्षं त्यांनी नळीनेच भरवलं होतं आणि दर वेळी पाठीशी दोन उशा लावून बसवून ठेवलं होतं. उशा मास्तरच धरायचे. म्हातारी कुरकुरायची, “मला आडवी कर गं, किती छळशील?” म्हणजे तिचंच बरोबर होतं. मेल्यावरसुद्धा सासूच बरोबर निघाली.

त्यानंतर रोज चाळीसपैकी चाळीस. मास्तरांनी कॅलेंडरवर लाल शाईने ‘शाबास’ लिहिलं. हॉस्पिटलची परीक्षा त्या मानाने पोरखेळ निघाली. प्रश्न निराळेच होते, आणि पडद्यावर शेवटी एकच शब्द आला : उत्तीर्ण.

बायकांच्या वॉर्डात सकाळची पाळी मिळाली. पहिले काही दिवस सिस्टरबाई अगदी जपून वागल्या. हात पूर्वीसारखे चालत होते, फक्त प्रत्येक कामाआधी डोळ्यांपुढे चार टिंबं येत. धाकटी सिस्टर, जी दुपारच्या पाळीला यायची, ती एकदा म्हणाली, “ताई, तुम्ही काम करताना परीक्षेला बसल्यासारख्या दिसता.” सिस्टरबाई हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एके दिवशी सकाळी बेड नंबर दोनवरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईला रक्त लावायचं होतं. ऑपरेशननंतर अंगात त्राण उरलं नव्हतं. सिस्टरबाईंनी पिशवीवरचा गट, बाईच्या मनगटावरची पट्टी, केस पेपर, सगळं दुसऱ्या नर्सबरोबर मोठ्याने वाचून ताडलं. रक्त सुरू केलं. बाईची थोरली बहीण उशाशी बसून पंख्याने वारा घालत होती. थोड्या वेळात तिचा हात थांबला.

“सिस्टर, हिला थंडी वाजतेय बघा.”

सिस्टरबाई वळल्या. बाईचे दात वाजत होते. पलंगाची लोखंडी कडी त्याच तालात खुळखुळत होती.

“कंबर,” बाई म्हणाली. “कंबरेत… काय होतंय हे…”

जसाच्या तसा प्रश्न होता. सतरावा. सिस्टरबाईंचा हात नळीवरच्या छोट्या चाकाकडे गेला आणि तिथे थबकला. हाताला चाक पुरतं फिरवून रक्त बंद करायचं होतं. डोकं म्हणत होतं, चाळीसपैकी चाळीस.

त्यांनी चाक अर्धं फिरवलं. थेंब संथ झाले.

“धीर धरा हं, काही नाही,” त्या म्हणाल्या. रुग्णास धीर देऊन. आता निरीक्षण.

त्यांनी निरीक्षण केलं. ओठांचा रंग उतरत होता. बाईने त्यांचं मनगट घट्ट धरलं. “बाई, मी जातेय का हो?” ती म्हणाली.

“अहो, हे असं होतं का? तुम्ही नुसत्या बघताय काय?” बहीण ओरडली.

बघताय काय! संथ करून, धीर देऊन, निरीक्षण करणे. वाक्य कानात घोळत होतं आणि घोळता घोळता सिस्टरबाईंना त्यात एक ओळखीचा आवाज ऐकू आला. किती गोंडस वाक्य! नर्सिंगचं पुस्तक एवढ्या लाडाने लिहिलेलं नसतं. ‘करून, देऊन, करणे’ अशी लय धरून जगात एकच माणूस लिहितो, आणि तो या घटकेला घरी पेपर वाचत बसलाय. पुस्तकातलं बरोबर उत्तर त्याने उतरवून घेतलेलं असतं. नटवतो तो फक्त चुकीचं.

त्यांनी चाक पुरतं फिरवलं. नळी काढली, नव्या नळीने साधं सलाईन जोडलं आणि असा आवाज दिला की डॉक्टर हातातला चहा सांडून धावत आले.

पुढची धावपळ बराच वेळ चालली. पिशवी रक्तपेढीला परत गेली. दुपार व्हायच्या आत बाईचा कंप थांबला, ओठांवर रंग आला, आणि तिने बहिणीला वारा घालायला सांगितलं.

“वेळेवर बंद केलंत म्हणून निभावलं,” डॉक्टर म्हणाले. “लक्षण दिसल्याबरोबर केलंत ना?”

“लगेच,” सिस्टरबाई म्हणाल्या. आणि हात धुवायला गेल्या.

पाळी संपेपर्यंतची कामं त्यांनी यंत्रासारखी उरकली. औषधं वाटली, तापाची नोंद केली, बेड सहाच्या आजींना नळीने भरवलं. आणि घरी आल्या त्या चप्पल न काढता डायनिंग टेबलाशी गेल्या.

“सतरावा प्रश्न उघडा.”

“आता? परीक्षा झाली ना तुझी?”

“झाली की नाही ते मला आज कळलं. उघडा म्हणते ना!”

मास्तरांनी उघडला. पुस्तकही काढलं. पान सापडलं. पुस्तकात लिहिलं होतं, रक्त तत्काळ बंद करावे. पडद्यावर मात्र बरोबर उत्तराचं टिंब त्या गोंडस वाक्यापुढे होतं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टिंब तिथेच होतं.

“त्याचं काय झालं,” ते हळू आवाजात म्हणाले, “सगळं झाल्यावर मी उत्तरं एकदा वरून खाली बघितली. पंधरा, सोळा, सतरा… तिन्हीला ‘क’ आला होता. लागोपाठ तीनदा एकच अक्षर आलं की पोरं ओळखतात. म्हणून सतराव्यात ‘क’ आणि ‘ड’ची अदलाबदल केली.”

“पोरं? कुठली पोरं? घरात परीक्षेला मी एकटी बसले होते!”

“सवय गं. तीस वर्षांची सवय. मजकूर हलवला आणि टिंब हलवायचं राहिलं.”

सिस्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बोलायला खूप होतं, पण ते सगळं मागे सारून एक आकडा पुढे आला. अडतीस. म्हणजे दोन.

“आणखी कुठे केली अदलाबदल?”

मास्तर पडदा खाली सरकवत गेले. बावीस ठीक होता, सत्तावीस ठीक होता. एकतिसाव्याशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी तो मोठ्याने वाचला नाही. वाचायची गरजही नव्हती. आईच्या पाठीमागे दोन वर्षं उशा त्यांनीच धरल्या होत्या.

“अगं,” ते म्हणाले, “तू हॉस्पिटलात कुणाला नळीने…”

सिस्टरबाईंनी फोन उचलला होता. सतराव्याला निदान हात थबकला होता, कारण तिथे कुणी थरथरत होतं, कुणी ओरडत होतं. बेड सहाच्या आजी कधी ओरडल्या नव्हत्या. त्या निमूट भरवून घेत. रुजू झाल्यापासून रोज त्यांना भरवून, तोंड पुसून, पलंगाची पाठ खाली करून, वर पांघरूण नीट सारखं करून सिस्टरबाई घरी येत होत्या. आजसुद्धा.

पलीकडून धाकटी बोलली. “बोला ताई, घरी पोचलात? दमला असाल आज.”

“बेड सहाची पाठ वर आहे का गं?”

“आहे की. मी आले तेव्हाच केली.”

“तेव्हाच म्हणजे?”

धाकटी जरा घुटमळली. “रोजच करते हो, ताई. तुम्ही सपाट करून जाता, मी आले की वर करते. आजींना खोकला येतो ना तसं झोपवलं की, अन्न घशाशी येतं. म्हटलं तुमच्या वेळची पद्धत असेल, मोठ्या माणसाला कसं सांगायचं?”

“रोज खोकतात?”

“थोडं थोडं. आज मला यायला उशीर झाला, त्यात जरा जास्तच झालं. श्वास घरघरतोय, ताप पण आहे. डॉक्टर आत्ता छाती तपासतायत. का हो?”

सिस्टरबाईंनी फोन खाली ठेवला. चप्पल पायातच होती, तेवढं बरं झालं. त्या दाराकडे निघाल्या. मागे मास्तर लगबगीने आईच्या खोलीत गेले आणि तिच्या त्या दोन उशा काखेत मारून बाहेर आले.

“मी येतो,” ते म्हणाले.

हॉस्पिटलात उशा असतात, हे सांगायलाही सिस्टरबाई थांबल्या नाहीत.