माईंच्या मागे फिरणारा उजेड

मित्रांनो, मी एक जुना फॉलोस्पॉट आहे. नाव ऐकून बिचकू नका. नाटकात एखादा माणूस उजेडाच्या गोल वर्तुळात चालताना तुम्ही पाहिला असेल ना? तो जिकडे जाईल तिकडे ते वर्तुळही जातं. ते वर्तुळ टाकणारा मी! लांबट पत्र्याचं अंग, पुढे जाड काच, मागे धरायला मूठ आणि पोटात असा दिवा की बघणाऱ्याने डोळेच मिटावेत. आता माझ्यावर फडकं टाकलेलं असतं, पण म्हणून मला अडगळ समजू नका हं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक, ओल्या रंगाचा वास आणि पहिल्यांदा पेटलो तेव्हा समोरच्या भिंतीवर उमटलेला गोल. तो पाहून मी स्वतःच थक्क झालो. एवढा उजेड माझ्या पोटात होता? पुढे एका नाचाच्या शाळेत काम केलं. ती बंद पडली आणि मी जुन्या दिव्यांच्या दुकानात येऊन धूळ खात बसलो.

एके दिवशी तिथे सून आणि सुतारकाका आले. सून म्हणजे एका हौशी नाटकमंडळीचे दिवे सांभाळणारी बाई. तिच्या सासूबाई, म्हणजे माई, त्याच मंडळीतल्या मोठ्या नटी, म्हणून सगळे हिला सूनच म्हणत. सुतारकाका नाटकाची दारं-खिडक्या ठोकून द्यायचे आणि तोंडाने सगळ्यांची फिरकी घ्यायचे.

दुकानदाराने आधी एक भलामोठा दिवा दाखवला. किंमत ऐकून काका म्हणाले, "यात दिवाच मिळतो, की नाट्यगृहही?" मग त्याने मला पेटवलं. भिंतीवर माझं वर्तुळ असं लख्ख पडलं की सुनेने त्यात हात धरला, तर तळव्याची रेघ न् रेघ दिसली. "हाच घ्यायचा!" ती म्हणाली.

तिथेच घोळ झाला, मित्रांनो. भिंत होती अगदी माझ्या नाकासमोर. नाट्यगृहाची गॅलरी रंगमंचापासून किती लांब असते, हे त्या आनंदात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला तरी कुठे ठाऊक होतं! मी आपला छाती फुगवून टेम्पोत बसलो.

दिव्याची एवढी गरज का होती, ते सांगतो. एका आजारपणात माईंची वाचा गेली होती. तरी मंडळीने त्यांच्यासाठी एक नाटक बसवलं. त्यात शेवटच्या प्रवेशात हरवलेली लेक जिवंत असल्याचं आईला कळतं, आणि ती आई म्हणजे माई. जे सांगायचं ते नुसत्या चेहऱ्याने. तो चेहरा मागच्या रांगेपर्यंत दिसावा म्हणून मी हवा होतो. माईंनी घरी खुणेने सांगूनच टाकलं होतं, हे जमलं नाही तर नटताना लागणारी माझी रंगाची पेटी माळ्यावर ठेवा. कायमची.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मला गॅलरीत चढवलं. काय सांगू, केवढं ते नाट्यगृह! रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा, वर नजर पोचू नये इतकं उंच छत, आणि पार तिकडे खाली रंगमंच. सुनेने मला पेटवलं आणि तिचा चेहरा उतरला. तिथे पोचेपर्यंत माझा उजेड पाणी घातलेल्या दुधासारखा झाला होता. रंगमंचावरच्या बाकीच्या दिव्यांत तर तो दिसेचना.

"अगं, हा दिवा आहे की काजवा?" काका म्हणाले. दुकानदाराला फोन केला, तर त्याने सरळ कानावर हात ठेवले. सून मटकन खाली बसली. "इथे आणून बघायला हवा होता हो, काका. आता माईंना कुठल्या तोंडाने सांगू?"

काकांची थट्टा तिथेच विरली. "मी पण होतोच की तुझ्याबरोबर," ते हळूच म्हणाले.

माई खाली रंगमंचावर उभ्या होत्या. रिकाम्या नाट्यगृहात घुमलेलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी टाळी वाजवली, डोक्यावरच्या एका दिव्याकडे हात केला आणि मूठ सावकाश मिटली. मग दुसऱ्या दिव्याकडे. मग तिसऱ्याकडे.

"अहो माई, सगळे मालवले तर तुम्ही दिसणार कशा?" सून वरून ओरडली.

माईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

सून ताडकन उठली. आधीच्या प्रवेशापासूनच बाकीचे दिवे इतके हळूहळू मंद करत उतरवायचे ठरले की लोकांची नजर अंधाराला नकळत सरावावी. माझं वर्तुळ तिने चेहऱ्यापुरतं लहान केलं. नेम धरायला केसांतली पिन काढून माझ्या पाठीवर उभी बांधली.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. दिवे उतरत गेले. शेवटचा दिवा मालवला, आणि काय आश्चर्य! त्या एवढ्या मोठ्या काळोखात माईंचा चेहरा तेवढा उजळला होता. तो माझा उजेड होता! मी सकाळपेक्षा कणभरही वाढलो नव्हतो. बाकीच्यांनी जागा करून दिली, तेव्हा मी पुरलो.

एकदा माई चालताना वर्तुळ घसरलं आणि त्यांचा कान अंधारात गेला. पण पाऊल टाकण्याआधी माईंचा खांदा किंचित उचलतो, हे सुनेला घरात वावरताना ठाऊक झालेलं. तिने लगेच सावरलं. मग माई थांबल्या. त्यांचे ओठ हलले, डोळे मोठे झाले.

आमच्या पुढ्यात शेवटच्या रांगेत एक बाई कुजबुजली, "रडतेय गं ती."

"नाही गं, हसतेय," शेजारीण म्हणाली. "थांब, दोन्ही!"

शेवटच्या रांगेतून, मित्रांनो! अख्खं नाट्यगृह श्वास रोखून बसलं होतं. इतकी माणसं आणि एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. आजही आठवलं की पोटातली तार शहारते.

पडदा पडल्यावर माई कठडा धरत गॅलरीत आल्या. "माई, हात लावू नका, तापलाय!" सून म्हणाली. माईंनी माझ्या पाठीवरची पिन निरखली. मग स्वतःच्या अंबाड्यातली एक पिन काढून सुनेच्या हातात दिली आणि माझ्या पुढच्या टोकाकडे खूण केली. सुनेने ती तिथे बांधली. दोन पिना एका रेषेत आल्या की नेम चुकत नाही. त्यानंतर कितीतरी प्रयोगांत माईंचा कानसुद्धा अंधारात गेला नाही, आणि रंगाची पेटी आरशासमोरून हलली नाही.

आता माई नाहीत. गॅलरीत नवा दिवा आहे. त्याला म्हणे मागे उभं राहणारं कुणी लागतच नाही. मी सामानाच्या खोलीत असतो, काचेवर धूळ बसते. सून येते तेव्हा पुसते, पण तिचेही गुडघे दुखतात हल्ली.

तेव्हा मित्रांनो, कधी इकडे आलात तर माझी काच मऊ फडक्याने पुसा. दिवा घ्याल तेव्हा तो जिथे लावायचा तिथे नेऊन बघा. आणि तिथेही तो मंद वाटला, तर त्याला काजवा म्हणण्याआधी बाकीचे दोन-चार दिवे मालवून बघा. एवढंच मागणं आहे.

आणि हो, पुसताना माझ्या अंगावर दोन गंजलेल्या पिना दिसतील. कचरा समजून त्या काढू नका.