फुकटचा जीव

टप्. टप् टप् टप्. मग कपाटाखाली गडगड, आणि पुन्हा सगळं शांत.

बाबांनी चेंडू टाकला होता. निसटला नव्हता, टाकला होता. लेकीला फरक कळतो. अर्धांगवायूच्या झटक्याला सात आठवडे झाले होते. फिजिओवाल्या ताईंनी बजावलं होतं, उजव्या हाताची बोटं आत्ता हलवा, हे दिवस गेले तर पुढे अवघड. मी हात पुसत आत गेले, पालथी पडून चेंडू काढला, त्यांच्या मुठीत ठेवला.

"बाबा, दाबा ना."

"तू दाब," ते म्हणाले. झटक्यानं शब्द जड झाले होते, खोचकपणा मात्र शाबूत होता.

बाबा एकवीस वर्षं व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये मशीन दुरुस्त करायचे. बटणाच्या नुसत्या आवाजावरून आतला स्विच किती झिजलाय ते सांगायचे. म्हटलं, चेंडू नको ना, मग बटण.

तळहाताएवढा एक स्वस्तातला कंप्युटर मागवला. कंप्युटर कसला, नुसता हिरवा बोर्ड. त्याच्या मेमरी कार्डावर जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर चढवलं, अडगळीतला मॉनिटर जोडला आणि चपलांच्या कपाटाचं दार कापून खोका केला, त्याला भोकं पाडून बटणं आणि जॉयस्टिक बसवली. हे सगळं धाकटी झोपली की. म्हणजे दिवसाला पाऊण तास, तोही सलग नाही. ती कुरकुरली की सोललेली वायर दातांत धरायची आणि पाळण्याला झोका द्यायचा. घाईघाईत जॉयस्टिक उलटी जोडली, वर ढकलली की खेळातलं विमान खाली. भिंगरी, माझी साडेपाच वर्षांची थोरली, खिदळली, "आई, हे विमान माझ्यासारखंच आहे. ऐकतच नाही!"

जॉयस्टिक सरळ करून डाव्या हाताला ठेवली, गोळी झाडायचं बटण उजव्या. म्हणजे उजवं बोट हलल्याशिवाय सुटका नाही. पण पहिल्याच फटक्याला विमान पडलं आणि बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं तर? हा विचार मला जेवू देईना. अशा सॉफ्टवेअरमध्ये चीट म्हणून एक सोय असते. मी ती चालू केली. कितीही गोळ्या लागोत, विमान पडायचंच नाही.

बाबांनी आधी खोका पाहिला. "सांधे वाकडे आलेत," म्हणाले. मग डावा हात जॉयस्टिकवर गेला. उजवा मीच उचलून बटणावर ठेवला. बराच वेळ काही नाही. मग, टिक्. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

तीन दिवस खेळले. तिसऱ्या दिवशी अर्धा तास. ताईसुद्धा म्हणाल्या, पहिलं बोट जागं होतंय. चौथ्या दिवशी बाबांनी विमान मुद्दाम शत्रूच्या गोळ्यांखाली नेलं आणि तसंच उभं केलं. गोळ्या लागत राहिल्या. विमान ढिम्म.

"मशीन बिघडलंय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

"नाही, बाबा, ते..."

"मग मी बिघडलोय."

मी सांगून टाकलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि एखादी वस्तू आवरून ठेवावी तसा मांडीवर ठेवला. "एकवीस वर्षांत एकाही पोराला फुकटचा जीव दिला नाही मी. रडली, पाया पडली, तरी नाही. आणि तू मला देतेस?"

दोन दिवस खोका बंद. चेंडूही बंद. हात मांडीवर पडलेला. मी घरभर येरझाऱ्या घालत होते; दूध उतू गेलं, धाकटीचं झबलं उलटं घातलं, एकच खोली दोनदा झाडली. दिवस वाया चालले होते, आणि तेही माझ्या मायेपायी.

तिसऱ्या दुपारी कीबोर्ड आणून त्यांच्यापुढे ठेवला. "चीट काढून टाकलंय. माझ्यावर विश्वास नसेल तर स्वतः तपासा."

"नाहीच आहे," म्हणत त्यांनी डाव्या बोटानं सेटिंगचं एकेक पान उघडून खरंच तपासलं. मग खुर्ची पुढे ओढायला लावली. भिंगरी खोक्याला गाल टेकून उभी राहिली.

विमान अर्ध्या मिनिटात पडलं.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

पुन्हा पडलं. कपाळावर घाम. उजवं बोट उशिरा उठत होतं, पण उठत होतं, कुणी न उचलता. पाचव्या खेपेला शेजारचं बोटही बटणाकडे सरकलं. विमान पडलंच.

"हां," बाबा खुर्चीला टेकले. "आता बरोबर हरलो."

मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम. भिंगरी मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, परवा सापशिडीत मी तुला हरवलं, तेव्हा पण तू मला फुकटचा जीव दिला होतास का गं?"